कॅसेटकाका

इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी घरं आता मोजकीच उरली आहेत, पण एकाआड एक घरात कॅसेटकाका आहेतच. ओळखायला सोपे. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त, शर्टाच्या खिशात षटकोनी पेन्सिल आणि बोटांना स्पिरिटचा वास. पेन्सिल लिहिण्यासाठी नसते. कॅसेटच्या दातेरी चक्रात ती बरोबर बसते आणि बाहेर लोंबलेली फीत गुंडाळता येते. स्पिरिट टेपरेकॉर्डरचं हेड पुसायला. कानातला मळ काढायच्या काड्या काकूंनी आणलेल्या असतात, त्या कानापर्यंत कधी पोचत नाहीत.

काका सकाळी पोह्यांच्या गाडीवर भेटतात. ‘काय चाललंय?’ असं विचारू नये. विचारलंत तर जिलेबी गार होते. ‘‘भिया, काल अडतीस नंबरची ए बाजू उतरवली. बी बाजूला खरखर फार आहे,’’ इथून जी सुरुवात होते, ती जीरावन संपेपर्यंत. ‘उतरवणं’ हा त्यांचा शब्द. दृष्ट उतरवावी तशा ते कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवतात.

हिशेब काकांनी पहिल्याच दिवशी वहीत मांडला होता. दोन पत्र्याच्या पेट्यांत सव्वादोनशे कॅसेटी, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. कॅसेटला घाई चालत नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीनं सरकते, म्हणजे दीड तासाची कॅसेट उतरवायला दीड तासच लागणार. रोज एक धरली तरी साडेसात महिने. हे चौथं वर्ष आहे. कारण काका उतरवता उतरवता ऐकतात, ऐकता ऐकता मागे नेतात, आणि ‘ही जागा बघ, ही!’ म्हणत कुणाला तरी बोलावतात. बोलावण्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जाईल या भीतीनं मग पुन्हा पहिल्यापासून.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, ‘‘बाबा, हे सगळं नेटवर आहे.’’ काका फोन काकूंकडे देतात.

पेट्यांत काय आहे, हे कॅसेटवरच्या चिठ्ठीवरून कळत नाही. बहुतेक रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना दटावून भरलेल्या कॅसेटी या. आकाशवाणी इंदूर १९५५ साली सुरू झालं आणि काकांच्या वडिलांनी तेव्हापासून रेडिओ बंद केला नाही, असं काकू म्हणतात. आकाशवाणीवरच्या नंदाजी-भेराजींच्या मालवी गप्पा आहेत. देवासहून पस्तीसेक किलोमीटर येऊन कुमार गंधर्व गायले, त्या बैठकीत शेवटच्या रांगेतून भरलेली एक आहे. तिच्यात कुमारांपेक्षा शेजारच्याची दाद स्पष्ट आहे. ‘अमीर खाँसाहेब, मारवा’ अशी सुबक अक्षरातली एक आहे. खाँसाहेब इंदूरचे, त्यामुळे तो मारवा काकांना घरचाच वाटतो. लावली, तर आत भाच्याची मुंज. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या माथ्यावरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवत. कुणीतरी त्या भोकांवर सेलोटेप चिकटवून मारव्यावर मंगलाष्टकं चढवली होती. चिकटवणारा कोण, यावर त्या घरात अजून दोन पक्ष आहेत.

यंत्राची गोष्ट निराळी. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा इतक्या वर्षांत विरघळून डांबर झालेला. तो पट्टा आणि एक वायर यासाठी काका मला घेऊन जेल रोडला गेले. तिथल्या पोरानं कॅसेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि अत्यंत आदरानं विचारलं, ‘‘अंकल, इसमें ब्लूटूथ नहीं है क्या?’’ काका तिथेच स्टुलावर बसले. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली, तिथपासून सुरू केलं. पोरगा भला, त्यानं चहा मागवला. पट्टा मिळाला नाही. वायर मिळाली.

टेपरेकॉर्डर मित्राकडून आणला. मग आवाज स्वच्छ करणं. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. नुसत्या खरखरीचा एखादा तुकडा त्याला दाखवायचा, की तसली खरखर ते सगळीकडून वेचून काढतं. काकांनी गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा दाखवला. त्यात तानपुरा लागलेला होता. कॉम्प्युटरनं तानपुऱ्याला खरखर समजून आज्ञेप्रमाणे साफ केलं. गवई उरले, तेही यशवंतसागराच्या तळातून गात असल्यासारखे.

पण खरी गंमत शांततेची. उतरवणं सुरू झालं की घरात मिक्सर बंद, कुकर बंद, काकूंनी खोकायचं तेही पदर लावून. मी एकदा समजावलं, ‘‘काका, आवाज वायरीतून जातो. खोलीतलं त्याला काही ऐकू येत नाही.’’ काकांनी माझ्याकडे, सराफ्यात कुणी गराडू नको म्हटल्यावर बघतात तसं पाहिलं. ‘‘त्याला सगळं ऐकू येतं,’’ म्हणाले.

आणि येत होतं. त्यांनी वायर बरोबर खोचली होती, पण सॉफ्टवेअरमध्ये आवाज कुठून घ्यायचा, तिथे लॅपटॉपचा स्वतःचा माईकच निवडलेला राहिला होता. स्पीकरही चालू, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अकरा कॅसेटी अशा उतरल्या. मी हेडफोन लावून ऐकल्या. मंगलाष्टकांच्या मागे ‘आलू ले लो, टमाटर ले लो’, राजवाडा चौकातले हॉर्न, आणि काकूंचा बहिणीला फोन: ‘‘ह्यांना वेड लागलंय, तू कधी येतेस?’’

अकराही पुन्हा करायच्या ठरल्या. दहा झाल्या. अकरावी १९८६च्या गणपतीतली. आरती संपते, टाळ खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि काकांची आई, जिला जाऊन वीस वर्षं झाली, करड्या आवाजात विचारते, ‘‘अगं, चहा झाला का?’’ त्यावर आत्ताच्या स्वयंपाकघरातून, पदराचा नियम मोडून, काकूंचा आवाज येतो, ‘‘आणतेय, आणतेय!’’

काकूंना हे ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा दूध नासलं होतं,’’ आणि आत गेल्या. काकांनी ती फाइल पुसली नाही. तिचं नाव ‘चहा-अंतिम’ ठेवलं. दुसऱ्या दिवशी ‘चहा-अंतिम-२’ अशीही एक दिसली.

सध्या काम बंद आहे. मित्राकडून आणलेल्या टेपरेकॉर्डरचाही पट्टा गेला. तुमच्या माळ्यावर चालू टू-इन-वन असेल, तर कृपा करून राजवाड्याच्या बाजूला त्याचा विषय काढू नका. काका मागायला येतील, तुम्ही द्याल, आणि शंभर नंबरच्या पुढे अजून सव्वाशे कॅसेटी आहेत.