बोनेटखालचे स्वावलंबन

घरच्या घरी इंजिन ऑइल बदलले की पैसे वाचतात, असे सांगणाऱ्यांनी जॅक, स्टँड, फिल्टरचा पाना आणि कायमची बाद झालेली पँट हिशेबात धरलेली नसते. काम तसे सोपे. इंजिन जरा कोमट करायचे, खालचा ड्रेन प्लग सोडायचा, त्याला नवा वॉशर घालायचा, फिल्टरच्या रबरी रिंगला ताजे ऑइल चोळून तो हातानेच आवळायचा. अवघड असतात ते सोसायटीच्या पार्किंगमधले सल्लागार. एक म्हणतो, ‘दाटच घाला.’ दुसरा डिपस्टिक पाहून ‘काळं पडलंय हो’ म्हणत मान हलवतो. डिझेल इंजिनात ते लवकर काळे पडतेच. पण गाडीचे मॅन्युअल उघडणे हा तिथे पुरुषार्थाचा अपमान मानला जातो.

आणि निघालेले तीन-साडेतीन लिटर तेल? 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा. पुण्यातल्या स्वावलंबी मंडळींची नजर मात्र आधी गटाराच्या जाळीकडे वळते. मुठा नदी वाचवण्याच्या फेरीला रविवारी हीच ताज्या ऑइलची गाडी जाते! तेवढे तेल डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, ज्याला द्यायचे पैसे वाचवलेत त्याच गॅरेजवाल्याच्या पिंपात ओता. आधी विचारून.