भोंगा आहे, वाजवणारा नाही

हवामानाचा इशारा देणारा रेडिओ ऑनलाइन मिळतो: हँडल फिरवून चार्जिंग, वर सोलर पट्टी, कडेला टॉर्च आणि कर्कश भोंगा. पार्सल आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्यापर्यंत येईलही. फक्त हवामानाच्या इशाऱ्यासाठी तो भोंगा अमेरिकी हवामान सेवेच्या 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झच्या सात वाहिन्यांवरून संदेश आला तरच वाजतो, आणि तशी सेवा आपल्याकडे नाही. इथे कपाशीवर वीज पडो की नाल्याला पूर येवो, पेटी शांतच. ओक्लाहोमात टोर्नेडो आला तरी शांत, कारण तिथल्या लहरी इतक्या लांब पोचत नाहीत. निदान तेवढी बातमी तरी कळली असती!

कुणी म्हणेल, लाइट गेली की एफएम आणि टॉर्च तर चालतो. चालतो की, पण तेवढ्यासाठी सेलवरचा साधा रेडिओ आणि वेगळा टॉर्च पुरतो. ‘मोबाइल आहे ना’ हा आक्षेप जास्त वजनदार. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ बाकीचे इशारे. पण टॉवर बंद पडला की दोन्ही मुके. शिवाय फोन बहुधा घरी चार्जिंगला आणि माणूस रानात. म्हणून ‘दामिनी’ टाका, लोकेशन चालू ठेवा, फोन शेतात न्या; आणि घरात साधा एफएम रेडिओ ठेवा, सेल बाहेर काढून, नाहीतर गळतात. घेताना दुकानातच आदिलाबाद आकाशवाणी लावून बघा. खरखर आली तर दुसरा मागा.