पाठभेदांसह कोटेशन

ओट्याखालच्या ट्रॉल्या, भिंतीवरची कपाटे आणि माळ्याची दारे या कामांसाठी पुण्यातील इंटिरियरचा ठेकेदार ग्राहकाला दरांचा जो कागद देतो, त्यास कोटेशन म्हणतात. त्यात मापे, मालाचा दर्जा, दर, पैसे देण्याचे टप्पे आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘वैधता १५ दिवस’ एवढा मजकूर असतो, आणि बहुसंख्य ग्राहक त्यातील केवळ शेवटचा आकडा वाचतात. ठेकेदाराच्या मते या कागदाने बोलणी संपतात, तर ग्राहकाच्या मते ती या कागदापासून सुरू होतात. या मूलभूत मतभेदामुळे एकाच स्वयंपाकघराच्या कोटेशनच्या सहा-सात प्रती प्रचारात येतात आणि त्यांतील अधिकृत संहिता कोणती, हे खुद्द ठेकेदारासही सांगता येत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. कोटेशनच्या वाङ्मयास असा एकनाथ अद्याप लाभलेला नाही.

कायद्याची भूमिका मात्र नि:संदिग्ध आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ नुसार प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. म्हणजे चार लाख वीस हजारांच्या कोटेशनवर ‘चारला फायनल करून टाका’ असे म्हणणारा ग्राहक ते मान्य करत नसून, स्वतःचा नवा प्रस्ताव मांडत असतो. इंग्लंडमध्ये हाइड विरुद्ध रेंच या १८४० च्या खटल्यात एक हजार पौंडांना देऊ केलेल्या शेतजमिनीसाठी खरेदीदाराने साडेनऊशे सांगितले, आणि मालकाने नकार दिल्यावर ‘बरे, हजार घ्या’ अशी तयारी दाखवली. न्यायालयाने ठरवले की साडेनऊशे म्हटल्याक्षणीच हजारांचा मूळ प्रस्ताव संपुष्टात आला होता. चार ठिकाणी चौकशी करून महिन्याभराने परतणारा आणि ‘ठीक आहे, तुमचाच आकडा धरू’ असे औदार्य दाखवणारा सदाशिव पेठेतील ग्राहक याच खरेदीदाराचा वैचारिक वारस होय. फरक इतकाच की तो न्यायालयात जात नाही, तो ठेकेदाराला चहा पाजतो, आणि चहापुढे निकालपत्रे टिकत नाहीत.

बदल लहान की मोठा, हे ग्राहक तो सांगताना किती वेळ लागला यावरून ठरवतो, आणि येथेच त्याची खरी गफलत होते. प्लायवूडची शीट, म्हणजे बाजारात मिळणारा अखंड तक्ता, आठ फूट बाय चार फूट असते. दोन फूट खोलीच्या उंच कपाटाच्या दोन्ही बाजू एकाच शीटमधून निघतात, आणि करवतीच्या पात्याने खाल्लेली जागा लक्षात घेऊन मिस्त्री प्रत्येक बाजू पावणेचोवीस इंचांची धरतो, इतका तो हिशेब काटेकोर असतो. अशा वेळी गृहिणीला जाणवते की पिठाचा डबा आत नीट बसणार नाही, आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘दादा, कपाट फक्त तीन इंच जास्त खोल करा ना.’ सत्तावीस इंचांची दुसरी बाजू त्या शीटमधून निघत नाही, म्हणून बाजूंसाठी एकाऐवजी दोन शीट लागतात आणि प्रत्येक शीटमागे एकवीस इंचांच्या आसपास एक पट्टी उरते. याउलट ‘सगळ्या दारांचा रंगच बदलू या’ हा आवाजात कंप आणून सांगितलेला बदल, लॅमिनेट अजून खरेदी झालेले नसेल तर, जवळजवळ फुकट होतो. परंतु त्यासाठी ग्राहक आधी तीनदा क्षमा मागतो.

उरलेल्या पट्टीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण ग्राहकाच्या घरात शिल्लक प्लाय दिसला की त्यातून देवघर करून मागण्याची प्रथा आहे. प्लाय शिल्लक असतो, पण मिस्त्रीचे दोन दिवस शिल्लक नसतात, हे लक्षात आणून दिल्यास ‘देवाच्या कामाचे कसले पैसे’ असे उत्तर मिळते. त्याच अधिनियमाचे कलम ७० असे सांगते की फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीररीत्या काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा; मात्र देवघराचा लाभार्थी नक्की कोण, या मुद्द्यावर ग्राहक बाप्पाकडे बोट दाखवतो आणि वसुली खुंटते.

वजावटीचे गणितही असेच एकतर्फी असते. एक ट्रॉली रद्द केली तर तिची पूर्ण रक्कम वजा व्हावी, आणि एक वाढवली तर ती ‘त्यातच बसवून’ मिळावी, अशी अपेक्षा असते. तसेच माल आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय असावा आणि दर साध्या कमर्शियल प्लायचा लागावा, यातही ग्राहकास विसंगती दिसत नाही. जीएसटीचा विषय निघाल्यावर तर पक्के बिल मागणारा आणि पक्के बिल नाकारणारा हे दोन्ही एकाच सोफ्यावर बसलेले आढळतात, व ते बहुधा पती-पत्नी असतात.

अनुभवी ठेकेदारांनी यावर एक रीत बसवली आहे. प्रत्येक बदलानंतर ते जुन्या कागदावर खाडाखोड न करता नव्या क्रमांकाचे व तारखेचे कोटेशन काढतात, ‘यापूर्वीची सर्व कोटेशने रद्द’ असे ठळक लिहितात, कोणत्या बदलाने किती रुपये वाढले वा घटले हे वेगळ्या रकान्यात दाखवतात, आणि लेखी होकार येईपर्यंत करवत चालवत नाहीत. होकार म्हणून ग्राहक अंगठ्याचे चिन्ह धाडतो. साक्षरतेच्या एवढ्या प्रसारानंतर व्यवहार पुन्हा अंगठ्यावर आला, हे समाजशास्त्रज्ञांनी नोंदवण्याजोगे आहे. या रीतीचा सर्वांत मोठा गुण असा की फरकाचा रकाना पाहताच निम्मे बदल ग्राहक आपणहून मागे घेतो, आणि पिठाचा डबा ओट्याखाली ठेवायचे ठरते.

ज्या वाचकांच्या घरी सध्या असे काम ठरत आहे, त्यांनी आपल्याजवळचे कोटेशन काढून शेवटच्या आकड्याच्या खालची ओळ वाचून घ्यावी. तिच्यातील १५ दिवस बहुधा उलटून गेलेले असतात.