हळू, टीप खाली जातेय!

रसायनशास्त्राच्या संशोधन विभागात एक दादा असतातच. पीएच.डी.चं कितवं वर्ष, हे त्यांना विचारायचं नसतं आणि त्यांच्या खोलीचं दार आपटायचं नसतं. आत एसईसीएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोपी, चालू असतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या ॲलन बार्ड यांनी १९८९ मध्ये या तंत्राची घडी बसवली. दादा त्यांना ‘बार्डसाहेब’ म्हणतात, आणि नुसतं ‘बार्ड’ म्हणणाऱ्या ज्युनियरकडे चष्म्यावरून बघतात.

दादांचा जीव टिपेत. काचेत बसवलेली २५ मायक्रॉनची प्लॅटिनमची तार, केसाहून बारीक. कापडावर ॲल्युमिना टाकून ती घासत बसतात. घरी स्वतःचा कप विसळत नाहीत, असं वहिनी सांगतात.

मग टीप द्रावणात बुडते आणि मायक्रॉन-मायक्रॉनने धातूकडे सरकते. अंधारात भिंत चाचपावी तसा हा प्रकार, फक्त भिंतीला हात लावायचा नाही. खाली वीजवाहक पृष्ठभाग असेल तर टिपेवर खर्ची पडलेले रेणू तिथे पुन्हा ताजे होतात आणि करंट चढतो. काच किंवा प्लॅस्टिक असेल तर रेणूंची वाटच अडते आणि करंट उतरतो. दादा स्क्रीनला विचारतात, “बोल बाबा, काय म्हणतोस?” तेवढ्यात कुणी लिफ्टचं दार ओढतं, आलेख थरथरतो, आणि दादा लिफ्टच्या खानदानाचा उद्धार करतात. टीप टेकून फुटली, तर त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारू नये.

नुसतं बघून त्यांचं भागत नाही. टिपेवर ब्रोमीन तयार करून गॅलियम आर्सेनाइडवर बारीक खड्डे कोरता येतात, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. शेजारचे काका जिलबी चावत “वा!” म्हणतात. यजमानांची स्टीलची वाटी मात्र दादा उजेडाकडे धरून बघतात: “इथे पिटिंग सुरू झालंय.”

काम रात्रीचं, कारण तेव्हा इमारत हलत नाही. एका पहाटे टीप धातूवरून फिरवून काढलेल्या करंटच्या नकाशावर लाल ठिपका उमटला. दाखवायला जागं कोण? वॉचमन. दादांनी त्याला खुर्ची दिली, द्रावणातल्या फेरोसीनमिथेनॉलपासून सगळं समजावलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं: “इथून गंज चढणार.”

वॉचमन म्हणाला, “मग रंग मारा की, साहेब.”

दादांचा चेहरा उजळला. “रंगाखाली गंज कसा शिरतो, तो तर पुढचा चॅप्टर! बस, दाखवतो.”