कुंपणापलीकडची टकटक

"नाना, स्वयंपाकघराचं काम काढलंत की काय? सकाळपासून सुताराची टकटक चाललीय."

मी दोरीवर चादर टाकता टाकता विचारलं. आमच्या आणि नानांच्या अंगणात एक तारेचं कुंपण आहे. त्यावर गोकर्णाचा वेल आहे आणि बरोबर मध्ये दोन्ही घरं हक्क सांगतात असा कढीपत्ता. आमच्या निम्म्या गप्पा त्या कढीपत्त्याच्या निमित्ताने होतात.

नाना बनियनवरच बाहेर आले. चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव.

"सुतार? वहिनी, तो फ्रेड अस्टेअर आहे."

"कोण?"

"अमेरिकन सिनेमातला. टॉप-हॅट, काळा कोट, बूट. नाचतोय तो."

"पण आवाज तर रेकॉर्डचा येतोय."

"रेकॉर्डवरच नाचतोय!"

आतून माईंचा आवाज आला, "मलाही आधी सुतारच वाटला होता गं. आणि खरंच सुतार असता तर बरं झालं असतं, मागच्या दाराची बिजागरी दिवाळीपासून रडतेय."

नानांनी तिकडे दुर्लक्ष केलं. मुलीनं अमेरिकेतून सीडी पाठवलीय म्हणाले. मूळ ध्वनिमुद्रण १९५२ चं, नॉर्मन ग्रँझ नावाच्या जॅझवेड्या निर्मात्यानं काढलेलं, तेव्हा चार एलपींचा संच होता. त्यात गाणी तर आहेतच, पण दोन-तीन तुकडे असे आहेत की मागे वादक वाजवतात आणि फ्रेड नुसता नाचतो. कॅमेरा नाही, प्रेक्षक नाही. मायक्रोफोनसमोर बूट.

"म्हणजे नाच ऐकायचा?" मी विचारलं.

"का, कथ्थकचा तत्कार डोळे मिटून ऐकत नाही का आपण?"

हे मात्र मला पटलं. मी चादर तशीच सोडून कुंपणाशी आले. अर्धा तास गेला समजा.

नानांची सांगायची पद्धत अशी, की माणूस हॉलिवूडचा असो नाहीतर कसब्यातला, ते त्याची घरची माहिती आधी काढणार. "आडनाव मूळचं ऑस्टरलिट्झ. वडील ऑस्ट्रियातल्या लिंझचे, अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहा गावी बिअरच्या धंद्यात. हा १८९९ चा. पण घरात खरी हुशार कोण? थोरली बहीण, अडेल. तिला नाच शिकवायचा म्हणून आई दोघांना घेऊन १९०५ मध्ये न्यूयॉर्कला गेली. हा शेपटासारखा मागे. तेव्हा सहाचासुद्धा नव्हता."

"वडील?"

"वडील मागे ओमाहाला."

"बाई बाई," माई म्हणाल्या. त्या आता भाजी निवडायची परात घेऊन पायरीवर आल्या होत्या. १९०५ साली लिंझच्या कुणा गृहस्थाचा संसार कसा झाला असेल, याची काळजी त्यांना खरोखर वाटत होती.

बहीण-भाऊ रंगभूमीवर नाचले, ब्रॉडवेवर गाजले, लंडनला गेले तर तिथे आणखी गाजले. पहिली रेकॉर्ड लंडनमध्येच, १९२३ ची, दोघांची मिळून. ती भोंग्यासमोर ओरडून भरलेली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, गायकाने भोंग्यात तोंड घालायचं आणि आवाजाच्या जोरावर मेणावर चरा पाडायचा. आपल्याकडच्या जुन्या बायका 'माय नेम इज' असं ओरडून शेवट करायच्या, तो हाच काळ आणि हीच पद्धत.

"मग १९२६ ची," नाना आत गेले आणि एक तुकडा लावून आले. "ऐका. पियानोवर कोण आहे माहितीय? खुद्द जॉर्ज गर्शविन. 'लेडी, बी गुड' लंडनला चालू होतं, तेव्हा कोलंबियानं भरून घेतलं. तोवर मायक्रोफोन आला होता."

पियानो असा पळत होता, जणू त्याला बस पकडायची आहे. मागे एक पोरगेला आवाज गाण्यात बोलत होता, आणि मध्येच पुन्हा ती टकटक. आता मात्र सुतार वाटला नाही. पियानोवाला एक प्रश्न टाकायचा, बूट उत्तर द्यायचे. तबल्याशी सवाल-जवाब चालावा तसं.

"पण नाना," मी म्हटलं. मी चार वर्षं एका बाईंकडे गाणं शिकले आहे, त्यामुळे मला असं म्हणायचा हक्क आहे. "आवाज मात्र बारीक हो. घेर नाही. वर गेला की कापतो. आपल्याकडे याला कुणी भजनाच्या कोरसमध्येही पुढे बसवणार नाही."

"बरोबर," नाना शांतपणे म्हणाले. मला वाटलं होतं वाद होईल. "आवाज बारीक आहेच. आता मला सांगा, अर्व्हिंग बर्लिन, कोल पोर्टर, गर्शविन, जेरोम कर्न. अमेरिकेत त्या वेळी एकाहून एक संगीतकार. गळ्यांची काय कमी होती त्यांना? तरी आपलं नवं गाणं पहिल्यांदा यानेच गावं अशी सगळ्यांची धडपड. का?"

"दिसायला चांगला असेल," माई.

"दिसायलाही बेताचाच! टक्कल होतं. टोप घालायचा."

माईंनी परात बाजूला ठेवली. आता खऱ्या गप्पा सुरू झाल्या होत्या.

नानांचं म्हणणं असं. मोठ्या गळ्याचा माणूस गाणं गातो तेव्हा आपण त्याचा गळा ऐकतो. तो एखादा सूर लांबवतो, शब्द चघळतो, आणि संगीतकार बिचारा कोपऱ्यात उभा राहून बघतो की माझी चाल कुठे गेली. फ्रेडकडे लांबवायला दमच नव्हता. म्हणून चाल जशी लिहिली तशी, शब्द जसा आहे तसा. आणि ताल? तो तर पायात होता. शब्द ठेक्याच्या किंचित आधी नाहीतर किंचित मागे टाकायचा आणि समेवर बरोबर यायचा, हे त्याला न सांगता यायचं. ड्रमही वाजवायचा तो, सिनेमात ड्रम वाजवत नाचलाही आहे.

"'नाइट अँड डे'चंच घ्या. १९३२. कोल पोर्टरनं याच्यासाठी लिहिलं. नेहमीचं गाणं बत्तीस बारचं, हे अठ्ठेचाळीसचं. त्यात सूर खालून वर असे पसरलेले की हा घाबरला, माझ्या गळ्यात बसणार नाही म्हणाला. पण गायला. लिओ राइझमनच्या वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्ड भरली आणि ती धो धो खपली. सुरुवातीचे कितीतरी शब्द एकाच सुरावर आहेत, नळ ठिबकावा तसे. मोठ्या गवयानं त्यात काहीतरी करून दाखवलं असतं. यानं नुसतं ठिबकू दिलं."

मी मान डोलावली नाही, पण ऐकत होते.

"आणि बहीण?" माईंना सांगीतिक चर्चेत रस नव्हता.

"तिचं लग्न झालं. त्याच वर्षी, १९३२ ला. ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या धाकट्या मुलाशी. आयर्लंडमध्ये किल्ल्यात राहायला गेली. रंगभूमी सोडली ती सोडलीच."

"किल्ल्यात!"

"किल्ल्यात. आणि लोक म्हणाले, आता या एकट्याचं काय होणार, जोडीत खरी मजा तर तिची होती."

यावर माई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ असेच. माईंच्या लग्नानंतर ते नोकरीत सरकले, नाहीतर घरच्यांनी आशा सोडलेली. हे मला ठाऊक आहे, पण इथे लिहिण्याचं कारण नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं, तेवढं नानांनी भराभर सांगितलं. हॉलिवूड, जिंजर रॉजर्स, दोघांचे दहा सिनेमे, जगभर वेड. आपल्याकडे मुंबईत ही गाणी सिनेमागृहांतून आणि मोठ्या हॉटेलांच्या नाचगृहांतून आली. तिथले वादक बरेचसे गोव्याचे. त्यांतलेच एक आल्दोन्याचे चिक चॉकलेट. ते पुढे सी. रामचंद्रांचे सहायक झाले आणि 'अलबेला'त पडद्यावर बँड घेऊन दिसतातही.

"आता 'अलबेला'त भगवानदादांसाठी कोण गायलंय?" नानांनी मला विचारलं.

"चितळकर. म्हणजे सी. रामचंद्र स्वतः."

"त्यांचा गळा काय तलत महमूदचा होता? पण ठेका! भगवानदादांच्या पायांना जसा हवा तसा. आणि आजही लग्नाच्या वरातीत काय वाजतं ते बघा."

हा मुद्दा नानांनी राखून ठेवलेला असावा. सांगून झाल्यावर ते कढीपत्त्याची पानं उगाच तोडत उभे राहिले. आमच्या बाजूची पानं.

मग रेकॉर्डींची अडचण निघाली. पडद्यावर गाणं संपलं की नाच सुरू होतो, तीन मिनिटांचं गाणं आठ मिनिटांचं होतं. दहा इंची तबकडीवर मात्र सगळा मामला तीन मिनिटांतच. १९३५ पासून ब्रन्सविक कंपनीसाठी यानं सिनेमाची गाणी वेगळी भरली, 'चीक टू चीक', 'द वे यू लुक टुनाइट' वगैरे. त्यात पायांना फारशी जागाच नाही. कधी मधल्या भागात थोडीशी टकटक, बाकी वाद्यं.

"पण सिनेमात तरी ती टकटक त्याच वेळची असते का?" मी.

"छे! नाच आधी चित्रित करायचा, बुटांचे आवाज नंतर पडद्याकडे बघत वेगळे भरायचे. स्वतःचे आवाज हा स्वतः भरायचा. जिंजर रॉजर्सचे आवाज हर्मीस पॅन भरायचे. याचे नृत्यदिग्दर्शक."

"म्हणजे बाईच्या पायात पुरुषाचे बूट?" माई हसून हसून लाल झाल्या. "आमच्याकडे गळा उसना घेतात, त्यांच्याकडे पाय!"

सगळ्यात वाईट वाटलं ते गर्शविनचं. फ्रेड आणि तो पोरसवदा होते तेव्हा गर्शविन एका प्रकाशकाकडे पियानोवर नवी गाणी वाजवून दाखवायच्या नोकरीला होता. तेव्हाच म्हणायचा म्हणे, की मी नाटक लिहीन आणि तू त्यात नाचशील. तसं झालंही. मग १९३७ च्या जुलैत मेंदूतल्या गाठीनं गेला. अडतिसावं वर्ष. 'अ फॉगी डे' ज्या सिनेमात आहे तो पडद्यावर आला तेव्हा गर्शविन नव्हता. नानांनी ते गाणं लावलं नाही. उन्हात ते गाणं लावू नये म्हणाले, का ते सांगितलं नाही.

"आणि फ्रेड निवृत्त झाला होता हं एकदा," ते एकदम म्हणाले. "१९४६ ला जाहीर करून टाकलं, आता पुरे. घोडे पाळायचा, शर्यतीचे. पण दोन वर्षांत जीन केलीचा घोटा मोडला, सिनेमा अडला, याला बोलावलं. आला धावत."

"बायकोनं घराबाहेर काढला असेल," माईंचा निष्कर्ष. "निवृत्त नवरा घरात बसला की काय होतं ते मला विचारा."

"बायको बिचारी चोपन्न साली गेली. आणि मग १९८० मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, दुसरं लग्न. मुलगी चाळीसहून जास्त वर्षांनी लहान. घोड्यांच्या शर्यतीतली जॉकी."

इथे माईंनी परात उचलली आणि आत गेल्या. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर आल्या, कारण त्यांना जॉकीबद्दल आणखी ऐकायचं होतं. पण नानांची गाडी १९५२ वर परत आली होती.

त्रेपन्न वर्षांचा माणूस. समोर सगळी त्याचीच जुनी गाणी. आणि साथीला तेव्हाचे खंदे जॅझवाले: पियानोवर ऑस्कर पीटरसन, वय सत्तावीस. ट्रंपेटवर चार्ली शेव्हर्स, गिटारवर बार्नी केसेल, बासवर रे ब्राउन. वाद्यवृंदाची भिंत नाही, व्हायोलिनं नाहीत, लपायला जागा नाही. आवाज आणखी बारीक झालेला. मधूनमधून फ्रेड दोन शब्द बोलतो, घरी पाहुण्यांशी बोलावं तसं. काम संपल्यावर वादकांना त्यानं नावं कोरलेली सोन्याची ब्रेसलेटं दिली, असं नाना म्हणाले.

"हेच सगळ्यात उत्तम," नानांनी निकाल दिला.

मी तो मान्य केला नाही. सीडी मागून घेतली, दुपारी जेवणं झाल्यावर ऐकली. त्यातच मुलीनं १९३६ च्या 'द वे यू लुक टुनाइट'चा जुना तुकडाही भरून पाठवलाय. माझ्या मते तो जास्त चांगला. १९५२ मध्ये वादक इतके हुशार आहेत की ऐकताना लक्ष त्यांच्याकडे जातं. नानांच्याच नियमाप्रमाणे बघितलं तर चाल ऐकू यायला हवी, आणि ती छत्तीस साली नीट ऐकू येते. ओरखड्यांच्या खरखरीतूनसुद्धा.

संध्याकाळी सीडी परत करायला गेले तर कुंपणाशी माई एकट्याच. सीडी घेतली, आमच्या बाजूचा कढीपत्ता तोडला, आणि हळूच म्हणाल्या, "अगं, आवाज बारीकच आहे ना त्याचा?"

"बारीकच आहे," मी म्हटलं.

मग मी घरी आले आणि भांडी लावताना तीच चाल गुणगुणत होते, हे नानांना कुणी सांगू नका.