वाफप्रमुख

वाफप्रमुख नागपूरच्या धंतोलीत हिवाळ्यात आढळतो. एरवी तो निवृत्त प्राध्यापक किंवा बँकवाला असतो, सकाळी यशवंत स्टेडियमच्या बाजूने फिरतो आणि कोणालाही त्रास देत नाही. मार्गशीर्षात वांगी स्वस्त झाली की रविवारच्या रोडगे पार्टीचे प्रमुखपद त्याच्याकडे जाते. निवडणूक होत नाही, कारण गोवऱ्या त्याच्याच गाडीच्या डिक्कीत असतात.

स्थळ बहुधा आदासा. नागपूरहून चाळीसेक किलोमीटरवर, टेकडीवर गणपतीचे देऊळ. जवळच चंद्रभागेकाठी धापेवाडा, म्हणजे विदर्भाचे पंढरपूर. दर्शन आटोपले की झाडाखाली सतरंज्या पडतात.

जाडसर दळलेली कणीक मोहन घालून घट्ट भिजवायची, तेल लावलेल्या पाऱ्या एकात एक गुंडाळून गोळे करायचे. गोवऱ्यांचा धूर ओसरून निखारे फुलले की रोडगे त्यात पुरायचे आणि भाजल्यावर गोणपाटात घोळून राख झाडायची. इथवर कोणाचाच मतभेद नसतो. यानंतर भुकेला माणूस रोडगा फोडून त्यावर तूप ओततो. वाफप्रमुख तो फडक्यात गुंडाळतो, टोपल्यात झाकतो आणि म्हणतो, “वाफ जिरू द्या.”

मुदत कायम पाच मिनिटांची असते. पाच मिनिटांनी तो फडक्याचा कोपरा उचलून आत डोकावतो, चष्म्यावर वाफ धरते, तो चष्मा पुसतो आणि मान हलवतो. वांग्याच्या भाजीवरची तर्री थिजते, वरणावर साय येते. नातू रडू लागला तर “जिरून राहिली ना बेटा” असे उत्तर मिळते. शेजारच्या झाडाखालची मंडळी एव्हाना जेवून, घोरून, उठून चहा मांडत असतात.

हे तत्त्व रोडग्यापुरते राहत नाही. मुलीला स्थळ सांगून आले, वाफ जिरू द्या. बिल्डर करारनामा घेऊन आला, वाफ जिरू द्या. त्यामुळे दोन्ही बाजूंना इस्पितळे उभी राहिली तरी मधला त्याचा जुना बंगला शाबूत असतो.

मुलगी इंग्लंडात असेल तर आजार बळावतो. तिथल्या खेड्यातल्या पबमध्ये रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचे जेवण असते. वाफप्रमुख शाकाहारी, त्याच्या वाट्याला बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग येते. पण भट्टीतून काढलेले मांस कापण्यापूर्वी काही वेळ तसेच ठेवतात, हे त्याला तिथे कळते. तेव्हापासून तो एकटा उरत नाही. साहेब त्याच्या बाजूने असतो.

त्याचा एक उपयोग मात्र नोंदवावा लागतो. वाफ जिरेपर्यंतच्या पाऊण तासात करण्यासारखे काहीच नसते. मग वर्षभर गाडी लावण्याच्या जागेवरून अबोला धरलेले दोन शेजारी एकाच सतरंजीवर कांदा चिरतात. सून सासऱ्यांना त्यांच्या कॉलेजातल्या दिवसांबद्दल विचारते. चुलत भावंडांची खरी ओळख तिथेच होते.

एखाद्या हिवाळ्यात वाफप्रमुख घराशेजारच्याच इस्पितळात असतो. पार्टी ठरल्याप्रमाणे होते. रोडगे निखाऱ्यातून निघतात ते थेट ताटात पडतात. जिभा भाजतात, पण तक्रार कोणी करत नाही. साडेबाराला जेवणे उरकतात, आणि दोन वाजता सगळे आपापल्या घरी असतात.