उरलेल्या दोघींचं काय?

मायकेल जॅक्सनच्या १९८२च्या ‘थ्रिलर’मध्ये गाणी नऊ. त्यातली सात सिंगल म्हणून वेगळी निघाली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहांत गेली. मागे राहिली ‘बेबी बी माइन’ आणि ‘द लेडी इन माय लाइफ’. दोन्ही रॉड टेम्पर्टनची, म्हणजे ‘थ्रिलर’ हे शीर्षकगीत लिहिणाऱ्याचीच. घराण्यात खोट नाही. सात बहिणी उजवल्या, दोघी घरीच राहिल्या, हे चाहत्यांच्या जिवाला लागलं. मग संगणकावर मुहूर्त निघतो आणि चाहता स्वतःच त्यांचं काल्पनिक सिंगल बनवतो. सुरुवातीचे सूर छाटायचे, ठेका जाड करायचा, शेवट हळूहळू विरवायचा आणि १९८३चं वाटेल असं कव्हर रंगवून त्यावर कंपनीचा शिक्का मारायचा. गायकाचा आवाज वाद्यांपासून सोडवणारी सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात, त्यामुळे हुंड्याचाही प्रश्न मिटला.

गंमत अशी, की ज्या कंपनीने गाणं डावललं म्हणून हा संताप, कात्री तिचीच आणि मापही तिचंच. गाणं आहे तसं रेडिओजोगं नव्हतं, हे कंपनीचं म्हणणं चाहत्याने मान्यच केलं; वर दुरुस्ती बिनपगारी करून दिली. यावर गायिका सुझान व्हेगाचा दाखला हमखास येतो. तिचं १९८७च्या अल्बममधलं ‘टॉम्स डायनर’ वाद्यांविना होतं. १९९०मध्ये ‘डीएनए’ नावाच्या ब्रिटिश जोडीने न विचारता त्याला ठेका जोडला, कंपनीने कोर्टात खेचण्याऐवजी तो विकत घेतला आणि गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. मान्य. पण ती जोडी क्लबात प्रत्यक्ष नाचणाऱ्यांसाठी काम करत होती. १९८३चा रेडिओ लावून बसलेला श्रोता आता कुठून आणायचा? उलट टेलर स्विफ्टचं ‘क्रूएल समर’ पाहा. २०१९च्या अल्बममधलं हे गाणं चार वर्षं सिंगलविना राहिलं. चाहते ते आहे तसंच ऐकत राहिले, मैफलींत घसा बसेपर्यंत गात राहिले. २०२३मध्ये कंपनीने मूळ ध्वनिमुद्रणच रेडिओकडे धाडलं आणि ऑक्टोबरात ते अमेरिकेत पहिलं आलं.

अशा रिमिक्सने कुणाचं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. फारसं काही नाही. हौसेला मोल नसतं आणि काही रिमिक्स तर कंपनीच्या त्या काळच्या कामाहून सरस असतात. फक्त सिंगल म्हटलं की तबकडीची मागची बाजू आली, आणि काल्पनिक सिंगललाही ती सुटत नाही. तिथे अल्बममधलं आणखी एखादं दुर्लक्षित गाणं भरतीला बसवलं जातं. त्या गाण्याचे चाहते सध्या फार दुखावलेले आहेत.